ढोलीतली ओ

"नुसतं बघायचं," स्ट्रेचरवर आडवी झालेली ताई म्हणाली. "बघायचं आणि संध्याकाळी मला फोन करून सांगायचं. हात लावायचा नाही. तुला ते जमणार नाही हे मला माहीत आहे, पण या खेपेला जमव."

कमरेचं हाड मोडून ऑपरेशनसाठी दुसऱ्या शहरात निघालेल्या बाईने खरं तर स्वतःची काळजी करावी. पण ताईचा सगळा जीव खिडकीसमोरच्या झाडात अडकला होता. तिचा धाकटा भाऊ जिन्यात उभा राहून मान डोलवत होता. त्याला लहानपणापासून घरात खटपट्या म्हणत, आणि ते नाव ताईनेच ठेवलेलं. नीट चालणारं घड्याळसुद्धा उघडून बघितल्याशिवाय याला चैन पडायची नाही. पुढे तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात फिटर झाला, माणसाला पाळण्यात उभं करून खांबाच्या टोकापर्यंत उचलणारी गाडी त्याच्या ताब्यात आली, तेव्हा ताईने कपाळावर हात मारून घेतला होता. "आता उंचावरचंही काही याच्या तावडीतून सुटायचं नाही," ती म्हणाली होती.

ताई ऑपरेशनला गेली, तशी खटपट्या आणि त्याची बायको तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आली. खिडकीपाशी एक खुर्ची, खुर्चीवर बसून बसून चपटी झालेली उशी, खिळ्याला दुर्बीण. रस्ता अरुंद, त्यामुळे समोरचं जुनं झाड इतकं जवळ, की दुर्बीण निव्वळ हौसेची. बरोबर खिडकीच्या उंचीवर खोडात एक ढोली होती आणि त्या ढोलीत ताईची शेजारीणबाई राहत होती.

शेजारीणबाई म्हणजे धनेशाची मादी. या पक्ष्याचा संसार जगावेगळा. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा, चिकट फळांचा लगदा असं सगळं कालवून आतून दार लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढीच उभी फट. मग ती आपली उडायची पिसं गाळून टाकते. तिचं आणि पिल्लांचं पोट भरायचं ते बाहेरून नराने. तो आला तर घर जगलं, नाही आला तर संपलं. "एवढा विश्वास मी कुणावर टाकला नसता," ताई म्हणायची, "म्हणून तर एकटी राहिले."

नर फळांनी गळा भरून यायचा. आधी ढोलीसमोरच्या वाळक्या फांदीवर बसायचा, मान वाकडी करून चहूकडे बघायचा, खात्री पटली की झेप घेऊन ढोलीच्या कडेला पाय रोवायचा आणि लिंपणावर चोच आपटायचा. टक, टक. आतून घोगरा, चिरका आवाज यायचा. चर्रर्र. "दिली बाई ओ," ताई म्हणायची आणि मगच तिच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायचा.

एकेकाळी गावात असे संसार बरेच होते. कोर्टाच्या आवारात, शाळेमागे, गिरणीच्या कुंपणाला. रस्ते रुंद झाले तशी म्हातारी झाडं गेली. नवी लावली, पण तरण्या झाडाला ढोली कुठून येणार? रानअंजिराची झाडं तोडली, कारण त्यांची फळं खाली लावलेल्या मोटारींवर पडून डाग पडायचे. शेवटी हे एकच जोडपं उरलं, आणि हे झाडही उरलं ते ताईच्या हट्टापायी. ती रस्तेखात्याच्या इंजिनिअरच्या दारात इतक्या वेळा जाऊन बसली, की शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, घरटं नांदतंय तोवर झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. ज्या वर्षी पिल्लं उडाली नाहीत, त्या वर्षी झाड आमचं." त्याने शब्द पाळला होता. म्हणजे दुसरा अर्धा भागही पाळणार, यात शंका नव्हती.

पहिले काही दिवस खटपट्या शहाण्यासारखा वागला. सकाळी खुर्चीत बसायचा, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बायको हसायची. संध्याकाळी फोन व्हायचा.

"आला होता?"

"आला होता."

"ओ दिली?"

"दिली. हात लावलेला नाही."

"गुणाचा माझा भाऊ," ताई म्हणायची. ऑपरेशन झालं होतं, आवाज खोल गेला होता, पण हे विचारताना त्यात जरा धुगधुगी यायची.

मग एका सकाळी त्याच्या डोळ्यांना ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. नर वाळक्या फांदीवर बसला की ती त्याच्या वजनाने झुकायची आणि तिचं टोक खालून जाणाऱ्या विजेच्या तारेपासून जेमतेम वीतभर उरायचं. वारा असला की तेवढंही नाही.

दुसऱ्या कुणाला याचं काही वाटलं नसतं. पण मागच्या साली बाजाराच्या चौकात तारेला चिकटून मेलेला धनेश खाली उतरवला होता तो यानेच. पाळण्यात उभं राहून त्याने तो पक्षी हातात घेतला तेव्हा पक्ष्याच्या गळ्यातून अंजिरं गळून खटपट्याच्या बुटांवर पडली होती. कुठल्या तरी ढोलीत कुणीतरी वाट बघत होतं. ताई ती ढोली शोधत वेड्यासारखी गावभर हिंडली. सापडली, पण उशिरा. नंतर ती बरेच दिवस कुणाशी धड बोलली नाही.

खटपट्या खात्याच्या भांडारात गेला. अशा तारेवर चढवायची रबरी नळी असते, ती घातली की पक्षी टेकला तरी धक्का बसत नाही. भांडारवाला म्हणाला, "नळी संपलीय. पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा! आणि तोवर? त्याच्या डोळ्यांपुढे बुटांवर सांडलेली अंजिरं येत होती.

"अहो, वन्सं काय म्हणाल्या होत्या?" बायकोने विचारलं. तो करवतीचं पातं पुसत होता.

"ढोलीला कुठे हात लावतोय? एक फांदी तोडतोय. तीही वाळकी."

"विचारा तरी त्यांना."

"तिला पडल्या पडल्या घोर कशाला? अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

होतंही अर्ध्या मिनिटाचंच. नर चारा आणायला गेला ती वेळ साधून त्याने गाडी झाडाखाली घेतली, ड्रायव्हरने पाळणा वर चढवला, करवत फिरली, फांदी दोरीला बांधून अलगद खाली. ढोलीतून चकार शब्द आला नाही. ड्रायव्हरने फांदी गाडीवर टाकली आणि दोघे चौकातला बंद दिवा बघायला निघून गेले. आपण एक जीव वाचवला या आनंदात खटपट्याने ड्रायव्हरला चहा पाजला.

दुपारी तो खिडकीत बसला तेव्हा नर आला. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वळणाने आला, पंख मिटले आणि पाय पुढे टाकले ते रिकाम्या हवेत. धडपडला. कसाबसा सावरून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. फळांनी भरलेला त्याचा गळा दिसत होता. बराच वेळ झाडाकडे बघत बसला. पुन्हा आला, पुन्हा तिथेच पाय टाकले, पुन्हा गेला.

"होईल सवय," खटपट्या म्हणाला.

संध्याकाळी ताईने विचारलं, "आला होता?"

"आला होता." हे खरंच होतं.

"ओ दिली?"

"हो."

"हात नाही ना लावलास?"

"छे," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर दोनदा आला. तिसऱ्या दिवशी एकदा, तेही दुरूनच. फटीतून मादीची चोच सारखी आतबाहेर होत होती. ती ओरडायला लागली. ओ नव्हे, हाका. असा आवाज ताईच्या खिडकीतून आजवर कुणी ऐकला नव्हता. खटपट्याने कानांवर उशी दाबली, उशीतूनही तो येत होता.

आणि मग शांत बसायला सांगितलेला माणूस जे करेल तेच त्याने केलं. तो गावाबाहेर जाऊन अंजिरं घेऊन आला, गाडी झाडाखाली लावली आणि लांब चिमट्यात फळ धरून पाळण्यातून ढोलीपाशी गेला. इतक्या जवळून त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. फटीत एक डोळा होता, लांब पापण्यांचा, माणसासारखा. ती फिस्कारली, चिमट्यावर चोच मारली, फळ खाली रस्त्यावर पडलं. दुसरं पडलं. तिसरंही पडलं.

"घे गं बाई," तो पाळण्यात उभा राहून काकुळतीला आला होता. "घे. मी परका नाही. तुझ्या शेजारणीचा भाऊ आहे."

कितव्या तरी खेपेला तिने एक अंजीर घेतलं. खाल्लं की मागे टाकलं ते अंधारात दिसलं नाही, पण घेतलं. खटपट्याचे डोळे भरून आले. त्याने पाळण्यातूनच खिडकीतल्या बायकोला हात केला. त्या दिवसापासून त्याने रजा टाकली, ड्रायव्हरच्या हातापाया पडून गाडी तिथेच ठेवायला लावली, आणि सकाळपासून ऊन कलेपर्यंत पाळण्यात उभा राहू लागला. दिवसाकाठी ती दोन फळं घ्यायची, कधी एक. आत पिल्लं होती. त्यांचा बारीक चिवचिवाट आधी ऐकू यायचा. मग तो ऐकू येईनासा झाला.

एका दुपारी बायकोने त्याला पाळण्यातून उतरवून घरात बोलावलं आणि खुर्चीत बसवलं.

"इथून बघा. काही बोलू नका."

गाडी खाली, पाळणा रिकामा. थोड्या वेळाने पाण्याच्या टाकीवर नर येऊन बसला. गळा फुगलेला.

"तुम्ही वर गेलात की तो उडतो," ती म्हणाली. "तुम्ही उतरलात की येतो. आणि तुम्ही दिवसभर वरच असता." "तो येत नाही असं नाही हो. तुम्ही त्याला येऊ देत नाही."

नराने पिवळ्या गाडीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि गळ्यातलं एकेक फळ टाकीवर ओकून टाकलं. मग उडून गेला. खटपट्याने आयुष्यात बरंच काही मोडलं होतं, पण मोडल्याचा आवाज त्याला तेव्हा पहिल्यांदा आला.

त्याने पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दूरच्या शहरातली बाई, ताईच्या ओळखीची.

"लिंपण फोडून तिला बाहेर काढू का?"

"नको. तिला पिसं नाहीत, उडता येणार नाही, आणि तुमच्या हातात ती भीतीनेच मरेल. गाडी आधी हलवा." मग त्यांनी विचारलं, "पण तो मुळात बिचकला कशाने? झाडात काही बदललं का?"

"नाही," खटपट्या म्हणाला. आणि मग, "एक फांदी तोडली. वाळकी होती."

"ढोलीसमोरची? त्याची बसायची?"

"हो."

"दाराची पायरीच काढून घेतलीत की हो तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. रागाने नाही, दमून म्हणाल्या. "वर्षानुवर्षं तो त्याच फांदीवरून आत बघतो, मगच पुढे जातो. पाय ठेवायला जागा दिसली नाही की त्याला वाटतं हे झाड आपलं नाही."

छाटलेल्या फांद्या गावाच्या कचरा डेपोत जात. खटपट्या आणि ड्रायव्हर तिथे पोचले तेव्हा समोर फांद्यांचा डोंगर होता आणि पलीकडे त्यांचा भुगा करणारं यंत्र घरघरत होतं. खटपट्या धावत सुटला. यंत्रावरच्या माणसाला त्याने हात जोडून थांबवलं आणि ढिगात घुसला. हात सोलवटले, शर्ट फाटला. प्रत्येक वाळकी फांदी सारखीच दिसत होती. शेवटी सापडली ती एका खुणेने. एका जागी तिची साल पार झिजली होती आणि लाकूड जुन्या जिन्याच्या कठड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. तिथेच तो बसायचा. खटपट्याने त्या जागेवर तळवा ठेवला आणि भर डेपोत ढसाढसा रडला. यंत्रावरचा माणूस दुसरीकडे बघू लागला.

ते परत निघाले तेव्हा भांडारवाल्याचा निरोप आला. रबरी नळी आली होती, हवी तर घेऊन जा.

खांबाला दिव्याचा दांडा धरून ठेवणारे लोखंडी पट्टे असतात. तसे दोन पट्टे आणि नट-बोल्ट घेऊन खटपट्या शेवटचा पाळण्यात चढला. आधी तारेवर नळी चढवली. मग उरलेल्या खुंटाला फांदी जुळवून पट्टे आवळले, तीच दिशा, तोच कल, आणि लोखंडावर चिखल फासला.

"दादा," खालून ड्रायव्हर म्हणाला, "खांबांना अडकलेली झाडं खूप सोडवली आपण. झाडाला झाड बांधायची ही पहिलीच वेळ." तो हसवायला म्हणाला होता. हसलं कुणीच नाही.

काम संपलं तेव्हा खटपट्याच्या ध्यानात आलं, की इतका वेळ तो हातभर अंतरावर ठोकाठोक करत होता आणि ढोलीतून कुणी फिस्कारलं नव्हतं. फटीत चोच नव्हती. डोळा नव्हता. त्याने खोडाला कान लावला. आत काही सळसळल्यासारखं वाटलं. ते तिचं असेल, त्याच्याच कानातलं असेल. बोटाने लिंपणावर हलकेच वाजवलं. मग मात्र त्याने हात मागे घेतला, कारण नेमकं हेच करायचं नव्हतं, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "उतरव. गाडी ने इथून. मी सांगितलं तरी परत आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तो खुर्चीत होता. बायकोने चहा ठेवला तो तसाच निवला. काही न करणं इतकं जड असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हात मांडीखाली दाबून दाबून बधिर झाले होते. "येऊ दे," तो पुटपुटत होता. कुणाला म्हणत होता, देव जाणे.

ऊन खिडकीत आलं आणि टाकीवर नर येऊन बसला. त्याने मान वाकडी केली. रस्ता मोकळा होता. तो उडाला, त्याच जुन्या वळणाने आला, आणि पाय पुढे टाकले. फांदी झुकली. पट्टे करकरले. फांदी टिकली.

बायकोने तोंडावर हात दाबला. नराने चहूकडे बघितलं, सावकाश, नेहमीसारखं. मग झेप घेतली आणि ढोलीच्या कडेला पाय रोवले.

तेवढ्यात फोन वाजला. ताई कधी सकाळी फोन करत नसे.

"अरे, आज मला उभी केली," ती म्हणाली. आवाज टवटवीत होता. "चार पावलं चालले. म्हटलं, तुम्हा दोघांना आधी सांगावं. शेजारी काय म्हणतायत?"

खटपट्या खिडकीतून आणखी बाहेर वाकला.

"आलाय का तो?"

"आलाय, ताई. आत्ताच आला. समोर आहे."

"खरंच? फोन धर, फोन धर खिडकीत. ऐकू दे मला. इथे रात्रंदिवस पंख्याची घरघर ऐकून जीव विटला."

त्याने फोन खिडकीबाहेर धरला. टक, टक. नराने गळ्यातून एक अंजीर वर आणलं, चोचीच्या टोकाशी धरलं आणि फटीपाशी नेलं. वाट पाहिली. अंजीर परत गळ्यात घेतलं. टक, टक, टक. पुन्हा काढलं, पुन्हा धरलं. फटीत अंधार होता.

फोनमधून ताईचं हसू ऐकू येत होतं. "आला रे, आला! माझा शहाणा." मग ती गप्प झाली. खिडकीत बसून वर्षं काढलेली बाई ती. त्या टकटकीनंतर किती वेळाने काय ऐकू यायला हवं, हे तिच्या कानांना पाठ होतं.

टक, टक, टक, टक. खटपट्याने फोन परत कानाला लावला.

"ती ओ का देत नाही रे?" ताईने विचारलं.

समोर नराने तेच अंजीर पुन्हा एकदा पुढे केलं. खटपट्याने खिडकीची चौकट घट्ट धरली.

"ताई," तो म्हणाला, "मी हात लावला."